शेवटचं गाणं पहिलं लावून पाठवलं, आणि लोकांनी त्याला 'धाडसी सुरुवात' म्हटलं!

प्रोग मेटलचा, म्हणजे लांब गाण्यांच्या आणि आडव्या तालांच्या मेटलचा, एक नवा अल्बम. नऊ गाणी, ७१ मिनिटं, कन्सेप्ट अल्बम, म्हणजे सगळ्या गाण्यांतून एकच धागा. शुक्रवारी बाहेर येणार आणि रिव्ह्यूसाठीची लिंक आली मंगळवारी रात्री साडेअकराला. इथपर्यंत नेहमीचंच. पण या वेळी लेबलनं, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीनं, गाणी एबीसीडीच्या क्रमानं लावून पाठवली! 'ए'वरून नाव सुरू होणारं शेवटचं गाणं पहिल्या नंबरावर, आणि अल्बम ज्या गाण्यानं उघडतो ते सातवं. फाइलच्या नावात क्रमांक नाही, सोबतच्या दोन पानी पत्रकात गाण्यांची यादी नाही. 'आतापर्यंतचा सर्वांत हेवी आणि तरीही सर्वांत मेलोडिक अल्बम' हे वाक्य मात्र त्या पत्रकात दोन वेळा.

आता यानं नक्की काय मोडलं ते बघा. खऱ्या पहिल्या गाण्यात गिटारवर सात मात्रांची एक ओळ येते, दोन-दोन-तीन अशी. मधल्या एका गाण्यात तीच ओळ बास गिटारवर येते, स्वर तेच, पण शेवटची मात्रा गळालेली, म्हणजे सहाची. ऐकताना काहीतरी निसटल्यासारखं वाटत राहतं. आणि सगळ्यात शेवटी, ड्रम्स थांबल्यावर, तीच ओळ एकट्या पियानोवर, निम्म्या लयीत, पुन्हा पूर्ण सातची. गळालेली मात्रा परत येते. तासभर कान देऊन बसल्याचं फळ त्या पियानोत आहे. ते सुरुवातीलाच वाजवलं तर एक संथ, गोड, विसरून जाण्याजोगा पियानो ऐकू येतो, बस्स. ज्यांनी तीन वर्षं खपून हे बांधलं, त्यांच्या कष्टांवर एका क्लिकमध्ये पाणी ओतलं.

आणि तळपायाची आग मस्तकात जाते ती पुढच्या गोष्टीनं. गुरुवारीच दोन रिव्ह्यू झळकले. दोन्हींमध्ये 'शांत पियानोनं होणारी धाडसी सुरुवात'! एकानं वर साडेआठ मार्क दिलेत. अरे, पण एकदा तरी सलग ऐकलं होतं का? त्या लिंकमधल्या पाचव्या फाइलच्या शेवटी झांजेचा नाद मधेच कापलेला आहे, आणि उरलेला अर्धा सेकंद नाद दुसऱ्या फाइलच्या सुरुवातीला आहे. म्हणजे ही दोन गाणी एकमेकांना जोडलेली. असे जोड शोधत गेलं तर नऊपैकी सहा गाण्यांचा क्रम अर्ध्या तासात लागतो. उरलेल्या तिनांसाठी लेबलला एक ओळीचा मेल टाकायचा. एवढंही होत नसेल तर प्रोगवर लिहू नका. तीन मिनिटांच्या सिंगल्सवर लिहा, तिथं हा घोळ होत नाही.

लिंकचं बाकीचं वर्णन काय करायचं! फक्त स्ट्रीम, डाउनलोड नाही. फोनची स्क्रीन लॉक झाली की आवाज बंद, आणि पुन्हा लावलं की गाणं पहिल्यापासून. एकोणीस मिनिटांच्या गाण्यात चौदाव्या मिनिटाला हे झालं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वर १२८ केबीपीएस, म्हणजे आकार फार लहान केलेली फाइल. या दर्जाला साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं छाटलं जातं आणि झांजा पाण्यातून आल्यासारख्या वाजतात. मग 'ड्रम्सचा साउंड बारीक वाटतो' असं लिहून मोकळे. तो दोष मिक्सचा, म्हणजे वाद्यांचे आवाज जुळवण्याचा, की फाइलचा, हे या लिंकवरून सांगताच येत नाही, आणि म्हणून त्यावर लिहायचंही नसतं. शिवाय एमपीथ्री बनवताना प्रत्येक फाइलच्या पुढे-मागे थोडी शांतता चिकटते. प्लेअरनं ती काढली नाही तर दर जोडाला ठेच. मेशुगा या स्वीडिश मेटल बँडचा २००५चा 'कॅच थर्टीथ्री' म्हणजे ४७ मिनिटांचं एकच सलग काम, तेरा भागांत कापलेलं. तिथं अशा बारा ठेचा ऐकून कोणी लयीबद्दल मत देणार असेल तर काय बोलायचं?

लेबलांना गाणी आधीच बाहेर फुटण्याची भीती वाटते, मान्य. मग फाइलमध्ये ज्याच्या-त्याच्या नावाचा वॉटरमार्क टाका. ते तंत्र कधीचं आहे, कानाला कळतही नाही. पण १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल द्या, क्रमांक घालून द्या, गाण्याचे शब्द द्या, आणि कोणी वाजवलंय, कोणी मिक्स केलंय, शेवटी आवाजाची पातळी बसवून कोणी मास्टर केलंय ते एका कागदावर लिहून द्या. आणि तीन आठवडे आधी द्या. दोन दिवसांत ७१ मिनिटांचा प्रोग अल्बम कळत नाही, कोणालाच नाही.

वेळ लागतो तो असा. पहिल्यांदा सलग, वही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. दुसऱ्यांदा हेडफोन लावून फक्त बास धरायचा, कारण सात तारांच्या दोन गिटारींखाली बास गाडला गेलाय का, हे तेव्हाच कळतं. सात-तारीची सर्वांत खालची तार साधारण ६२ हर्ट्झ, पाच-तारी बासची ३१. फोनच्या स्पीकरमधून यातलं काहीच धड येत नाही, आणि तरी लोक फोनवर ऐकून 'बास हरवलाय' म्हणतात! तिसऱ्यांदा ड्रम्स आणि मोजणी. मग चार दिवस काहीही ऐकायचं नाही. पाचव्या दिवशी अंघोळ करताना कुठली ओळ आपोआप तोंडात येते ते बघायचं. ज्याचा फक्त वेग लक्षात राहतो आणि ओळ राहत नाही, तो अल्बम कसरतीचा. त्यानंतर शब्द समोर ठेवून चौथ्यांदा. तेव्हा कुठे पहिलं वाक्य लिहायला बसावं.

मोजणीवरून तर डोकंच फिरतं. कुठलाही आडवातिडवा रिफ, म्हणजे गिटारची फिरून फिरून येणारी ओळ, आला की '७/८', '१३/१६' असले आकडे फेकायचे. पायानं ठेका धरून तरी बघा! गिटार सोडा आणि ड्रमरच्या हाताकडे कान द्या. मेशुगाच्या बहुतेक गाण्यांत वरची झांज सरळ चार-चार ठोकत असते, स्नेअर ड्रम तिसऱ्या मात्रेवर पडतो, म्हणजे ताल ४/४च. त्यावर गिटार आणि पायानं वाजवायचा किक ड्रम मिळून वेगळ्या लांबीचा तुकडा फिरवतात आणि चार किंवा आठ आवर्तनांनी तो कापून समेवर आणतात. त्रितालात तबलजी सातांचा बोल फिरवतो म्हणून आपण त्याला सातांचा ताल म्हणतो का? मराठी माणसाला तर हे समजावून सांगायची वेळच यायला नको. आणि सात दिसले की लगेच 'रूपकचा फील' लिहिणारे वेगळेच. रूपक तीन-दोन-दोन. या अल्बममधली ओळ दोन-दोन-तीन. वजन दुसरीकडे पडतं, चाल बदलते. टाळी वाजवून बघायला दहा सेकंद लागतात.

आणि मास्टरिंग! त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. रश या कॅनडाच्या बँडचा 'व्हेपर ट्रेल्स' २००२मध्ये, जोरात वाजावा म्हणून, इतका दाबून, चिरडून आला की नुसत्या रिमास्टरनं भागलं नाही. २०१३मध्ये डेव्हिड बॉट्रिलकडून अख्खा अल्बम नव्यानं मिक्स करून घ्यावा लागला. अकरा वर्षं! एवढं होऊनही आज नवे अल्बम तसेच येतात. प्रोगमध्ये याचा फटका सर्वांत जास्त, कारण इथं कुजबुज आणि गडगडाट यांतल्या अंतरावर सगळा डोलारा उभा असतो. अकूस्टिक भाग आणि त्यानंतरचा स्फोट सारख्याच जोरात वाजले तर तो स्फोट कसला? स्पॉटिफाय तर सगळ्यांना मायनस १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं, म्हणजे जोरात मास्टर केलेलं गाणं नुसतं खाली खेचलं जातं आणि चपटं वाजतं. तो चिरडण्याचा फायदा मग मिळतो कोणाला? जुन्या-नव्या अल्बमची तुलना करताना आधी दोन्हींची पातळी सारखी करा. नाहीतर जो जोरात वाजतो तोच 'दमदार' वाटतो आणि तेच छापून येतं.

आवृत्तीचंही तेच. टूल या बँडच्या २०१९च्या 'फिअर इनॉक्युलम'ची सीडी सात गाण्यांची, डिजिटल दहा गाण्यांची, आणि त्या दोन्हींत काही मिनिटांचा फरक. मधले तुकडे विनाकारण लांबवलेत, अशी तक्रार करणाऱ्यांनी आपण काय ऐकलं ते आधी सांगायला नको?

शब्दांशिवाय रिव्ह्यू लिहिणं हाही उद्योगच. ओपेथ या स्वीडिश बँडचा २०२४चा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' घ्या. मृत्युपत्राच्या वाचनाची गोष्ट, आठपैकी सात गाण्यांना नावच नाही, नुसतं परिच्छेदाचं चिन्ह आणि आकडा. शब्द हातात नसतील तर यात काय कळणार? पण बऱ्याच जणांचा अर्धाअधिक मजकूर एकाच गोष्टीवर, २००८नंतर ग्राउल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, परत आले! अहो, आले. पण कुठे आले, कोणाच्या तोंडी आले, साध्या आवाजातून ग्राउलमध्ये जाताना गोष्टीत काय बदललं? तिथं हात लावायलाच कोणी तयार नाही. २०११च्या 'हेरिटेज'वर ग्राउल नाहीत म्हणून रडणारे हेच, आणि आता आहेत म्हणून नाचणारेही हेच.

'ड्रीम थिएटरची आठवण येते' हे या जुन्या प्रोग मेटल बँडबद्दलचं वाक्य तर बंदच करा. कोणत्या ड्रीम थिएटरची? १९९२च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'ची, १९९४च्या 'अवेक'ची, की २०१०मध्ये ड्रमर पोर्टनॉय गेल्यानंतरच्या काळातली? तिन्हींचा ड्रम साउंड वेगळा, आणि तिसऱ्या काळात तर कीबोर्डवालाही वेगळा. १९९२चा स्नेअर आणि पोर्टनॉयच्या जागी आलेल्या मॅन्जिनीचा स्नेअर शेजारी ठेवून ऐका एकदा.

शुक्रवारी तो अल्बम बाहेर आला, योग्य क्रमानं. पियानो नवव्या गाण्यात, जिथं असायला हवा तिथंच आहे. ते दोन्ही रिव्ह्यू 'धाडसी सुरुवाती'सकट अजून तसेच आहेत. दुरुस्तीची एक ओळ नाही. निदान ते एक वाक्य तरी काढा.