पंखा बंद, घुमारा चालू

मे महिन्यात सोलापुरात रात्री पंखा बंद करून बसणारी माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांची लाईट गेली आहे ती. दुसरी, क्लासिकल गिटार रेकॉर्ड करणारी. शेजारचे काका हा दुसरा प्रकार मानायलाच तयार नाहीत. गॅलरीतून विचारतात, "काय करलालाव मालक? तुमच्या एकट्याचीच लाईट गेली काय?"

पंख्यावर माझा वैयक्तिक राग नाही. पण नायलॉनच्या तारांची गिटार मुळात हळू बोलते. तिचा आवाज नीट पकडायचा तर गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवायची मात्रा, पन्नास डेसिबलच्या आसपास चढवावा लागतो, आणि मग माईक गिटारीइतक्याच आपुलकीने पंख्याचं बेअरिंगही ऐकतो. शिवाय फिरती पाती छताकडे गेलेला आवाज तुकडे-तुकडे करून परत पाठवतात, त्यामुळे लांबवलेला स्वर थरथरतो. घरघर सॉफ्टवेअरने निम्मीशिम्मी काढता येते, ही थरथर निघत नाही. कूलरचं तर नावच काढू नका.

मग शांत वेळ कधी? यंत्रमागाची खटखट ज्या गल्लीला आहे तिथे विचारात पडायचं कारणच नाही, दुसरी गल्ली बघायची. इतरांसाठी रात्री दोन ते साडेचार. त्यातही पाण्याचा दिवस वगळायचा. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि येताना वेळ विचारून येत नाही. गल्लीत एकानं "पाणी आलं!" म्हटलं की पाठोपाठ दहा मोटारी सुरू. ती घूं साधारण १०० हर्ट्झला बसते, म्हणजे नेमकी गिटारीच्या पोटात. कापायला जावं तर गिटारीचं पोटही कापलं जातं.

खोली १० बाय १२ ची आणि उंचीही १० फूट असेल तर आणखी एक पाहुणा हजर असतो. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ११३ हर्ट्झच्या आसपासची लाट बरोब्बर मावते. पाचवी तार मोकळी छेडली की ११० हर्ट्झ. म्हणजे बाकीचे स्वर वाजतात आणि हा एकटा गर्जतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वाजवणाऱ्याचा अंगठा जड आहे. अंगठा बिचारा निर्दोष असतो. खोलीच्या मधोमध खुर्ची टाकली तर हा प्रकार सगळ्यात जास्त, कारण त्या लाटेचा दाब भिंतींजवळ आणि मध्यभागी सर्वाधिक असतो. खुर्ची आणि माईक मध्यावरून तीन-एक फूट सरकवा, फरक लगेच कळतो.

आता उरला टाळीचा प्रश्न. मोकळ्या खोलीत टाळी वाजवली की भिंतींमधून "टर्रर्र" असा पत्रा हलवल्यासारखा आवाज येतो. त्यावर उपाय म्हणून परगावचे लोक महागडे फोम मागवतात. आपण सोलापूरकर, आपल्याकडे कपाटात काय असतं ते सांगायला नको. चार चादरी दुहेरी करून दोरीवर टांगायच्या, पण भिंतीला चिकटवून नाही, चांगली वीतभर पुढे. भिंतीला लागूनच हवेची हालचाल सगळ्यात कमी असते, तिथे चादर टांगणं म्हणजे बंद दुकानाबाहेर पहारा देणं. वीतभर पुढे आली की ती कामाला लागते. तरीसुद्धा चादर फक्त वरच्या पट्टीतले आवाज शोषते. सहाव्या तारेच्या मोकळ्या स्वराची लाट चार मीटरहून लांब असते, तिला चादर दिसतसुद्धा नाही. तिच्यासाठी कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या करायच्या, एकीवर एक. पाहुणे आले तर रेकॉर्डिंग रद्द.

माईक लावताना नवशिक्या हमखास तो गिटारीच्या भोकासमोर धरतो. आवाज तिथूनच येतो ना! येतो, पण तिथून नुसता ढोल येतो. आवाज टिपणारा पडदा लहान असलेले दोन कंडेन्सर माईक (वीज दिल्यावरच चालणारे) घ्या, त्यांना इंटरफेसवरून (माईक संगणकाला जोडणारी पेटी) ४८ व्होल्ट द्या, दोघांच्या तोंडांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ठेवा, आणि ही जोडी गिटारीच्या दांडीवरच्या बाराव्या पडद्यासमोर (फ्रेट) ६० ते ८० सेंटिमीटरवर उभी करा. याहून जवळ गेलात तर खर्ज फुगतो आणि वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. उकाड्यात तो श्वास म्हणजे जवळजवळ उसासाच असतो. याहून लांब गेलात तर खोली ऐकू येते, आणि आपली खोली ऐकण्यासारखी नाही हे वर सिद्ध झालंच आहे.

लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. कित्येकदा ती बारीक "झीं" तिथूनच येत असते आणि माणूस मात्र नवी वायर आणायला निघालेला असतो. प्लास्टिकची खुर्ची नको, ती तालाबाहेर कुरकुरते. शर्टाची बटणं गिटारीच्या पाठीला लागतात म्हणून बनियन. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाजाची उंच टोकं उणे १२ ते उणे १० डेसिबलवर राहिली तरी पुष्कळ; लाल दिवा लागेपर्यंत गेन पिळायची गरज नाही. आणि सुरुवातीला दहा सेकंद काहीच न वाजवता रेकॉर्ड करा. खोलीचा हा नुसता आवाज पुढे रेकॉर्डिंगचे तुकडे जोडताना सांधे लपवायला लागतो. त्या दहा सेकंदांत कुत्रं भुंकणार, हे गृहीत धरून वीस सेकंद घ्या.

प्रत्येक टेकआधी (टेक म्हणजे रेकॉर्डिंगची एक खेप) तारा लावायच्या. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. घामेजल्या हाताने आणि उकाड्याने नायलॉन उतरत राहतं. पहिल्या टेकचा पूर्वार्ध आणि सहाव्या टेकचा उत्तरार्ध जोडताना लक्षात येतं की मधल्या तासाभरात सगळी गिटार केसभर खाली बसली आहे. सांधा मारायचा तो नव्या स्वराच्या ठोक्याच्या किंचित आधी, आणि दोन्ही टोकं दहा-पंधरा मिलिसेकंद एकमेकांवर चढवायची. हे सगळं कोरड्या आवाजावरच, म्हणजे घुमारा न घातलेल्या आवाजावर, उरकायचं. घुमारा आधी घालून मग कात्री चालवली तर मागच्या स्वराची शेपटी मध्येच तुटते, आणि ते कान असलेल्या कोणालाही कळतं.

इथे पहिल्यांदा ते कोरडं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकायचा प्रसंग येतो. चादरींनी आपलं काम इतकं चोख केलेलं असतं की गिटार गादीच्या आत बसून वाजवल्यासारखी वाटते. स्वर वाजतो आणि मरतो. तंबोऱ्याला जी आस असते, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तिचा मागमूस नाही. म्हणजे रात्रभर घाम गाळून आधी खोली मारायची आणि मग संगणकातून दुसरी खोली आणून तिच्या जागी बसवायची, असा हा उद्योग आहे. त्या दुसऱ्या खोलीचं नाव रिव्हर्ब.

आपल्याकडे रिव्हर्बची ओळख मंडपवाल्याने करून दिली, आणि तिथेच घात झाला. "हॅलो हॅलो हॅलो, वरपित्यांनी त्यांनी त्यांनी" हा एको. त्यात एकच आवाज सुटा-सुटा परत येतो. रिव्हर्बमध्ये हजारो परतलेले आवाज इतके दाट येतात की सुटा एकही ऐकू येत नाही, नुसती स्वरामागे सावली पडते. दुसरं उदाहरण जवळच आहे. शंभर किलोमीटरवर विजापूर, तिथे १६५६ साली पुरा झालेला गोल घुमट. सज्जात कुजबुजलं तर पलीकडच्या टोकाला ऐकू जातं, टाळी वाजवली तर टाळ्यांची रांग परत येते. घुमटाला नाव ठेवायची माझी छाती नाही, पण तिथे गिटार वाजवू नये. सेकंदाला सहा स्वर आणि प्रत्येकाचा घुमारा पाच सेकंद धरला, तर एका वेळी तीस स्वर होटगीच्या पॅसेंजरसारखे एकमेकांच्या मांडीवर. सॉफ्टवेअरमधलं 'कॅथेड्रल' नावाचं प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, हेच करतं, आणि नवा माणूस पहिल्यांदा बोट ठेवतो ते त्याच्यावरच.

फुकटातला मार्ग म्हणजे न्हाणीघर. ही थट्टा नाही. १९४७ मध्ये शिकागोला बिल पटनम या इंजिनिअरने स्टुडिओचं बाथरूमच घुमाऱ्यासाठी वापरलं होतं. आत स्पीकर ठेवून कोरडं रेकॉर्डिंग वाजवायचं, दुसऱ्या कोपऱ्यात माईक ठेवून परत रेकॉर्ड करायचं. फरशीच्या भिंतींमुळे चमक छान येते. अडचण सोलापुरी आहे: न्हाणीघरात पाण्याची पिंपं असतात. पाण्याच्या दिवशी ती काठोकाठ भरलेली, चौथ्या दिवशी रिकामी, आणि रिकामं पिंप स्वतःचा एक स्वर लावतं. त्यामुळे सोमवारचा घुमारा शुक्रवारी मिळत नाही. १९५७ मध्ये जर्मनीत यावर उपाय निघाला: पोलादाचा सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पत्रा चौकटीत टांगून त्यालाच थरथरवायचं. ते यंत्र अडीचशे किलोंहून जड होतं. आज तोच पत्रा संगणकात बिनवजनाचा मिळतो, म्हणून पिंपांशी भांडायची गरज राहिली नाही.

आकडे सांगतो. रिव्हर्ब मूळ ट्रॅकवर थेट चढवायचा नाही. वेगळ्या ट्रॅकवर ठेवून तिकडे आवाज पाठवायचा, म्हणजे दोन्ही स्वतंत्र हलवता येतात. लांबी संथ रचनेला १.६ ते २ सेकंद, चपळ रचनेला १.२ ते १.४. प्री-डिले, म्हणजे मूळ स्वर आणि घुमारा यांच्यामधली फट, २० ते २५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज एकूण सात-आठ मीटर अंतर कापतो, म्हणून नखाचा ठोका मोकळा राहतो आणि घुमारा मागून येतो. हा शून्यावर ठेवलात तर वाजवणारा भिंतीत चिणल्यासारखा वाटतो. मग रिव्हर्बच्या ट्रॅकवरून २०० हर्ट्झच्या खालचं आणि ६००० च्या वरचं छाटायचं. खालचं न छाटल्यास मघाशी हाकललेला खर्ज मागच्या दाराने परत येतो. वरचं न छाटल्यास डावा हात सरकताना खर्जाच्या तारांवर होणारी "च्वीक" दोन सेकंद हॉलभर फिरते. त्या तारांवर धातूची वळी असतात, ती बोटांखाली किंचाळतात. कोरड्यात ती उंदराएवढी, रिव्हर्बमध्ये घुशीएवढी.

किती घालायचा? हळूहळू वाढवत न्यायचा, "हं, आला" असं वाटलं की दोन-तीन डेसिबल मागे यायचं. बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटलं पाहिजे, चालू असताना दिसता कामा नये. आणि हा निर्णय रात्री साडेचारला घ्यायचा नाही. दमलेला कान घुमारा मागतच जातो, विशेषतः ट्रेमोलोत (एकच स्वर बोटांनी भराभर छेडताना) एखादं बोट लंगडत असेल तर. सकाळी चहानंतर ऐकल्यावर हमखास निम्मा होतो.

मास्टरिंगचं, म्हणजे शेवटचा हात फिरवायचं, काम त्यामानाने थोडकं, हात आवरला तर. ५० हर्ट्झखालचं काढून टाका, तिथे गिटारीचं काहीच नाही. लिमिटरने उंच टोकं एखाद-दुसरा डेसिबल दाबली तर ठीक. उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे एकूण आवाजाच्या जोराचं माप) रेटायच्या नादात हळू आणि जोरात वाजवलेलं सगळं एका उंचीवर आणलंत तर मग वाजवलंत कशाला? उणे १८ वर सोडून द्या, ऐकणाऱ्याच्या फोनला आवाज वाढवायचं बटण आहे. सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलवर ठेवा, १६ बिट करताना डिदर (मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक सळसळ) द्या, आणि शेवटच्या स्वरानंतर शेपटीला चार सेकंद पुरते विझू द्या. तिथे घाईने कापलेलं इतकं ऐकलं आहे की मोजणं सोडलं.

हे सगळं करून फाईल काकांच्या व्हॉट्सॲपवर जाते. ते कट्ट्यावर बसून, फोनच्या रुपयाएवढ्या स्पीकरवर, शेजारून टमटम जात असताना ती ऐकतात. ११० हर्ट्झचा तो सगळा झगडा त्या स्पीकरला उमटवताच येत नाही. चार सेकंदांची शेपटी टमटम घेऊन जाते.

"छान वाजवलाव मालक," काका म्हणतात. "पण जरा एको टाकायला पाहिजे होता की."