वीस वर्षं कुणाच्या घड्याळाने मोजायची?

"पोलिसांना काय, पेन्शन आहे!" हे मी लोकलमध्ये ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, सोसायटीच्या मीटिंगमध्येही ऐकलंय. आबा, म्हणजे माझे वडील, १९८४ ला मुंबई पोलिसात शिपाई म्हणून लागले आणि २०२१ ला एएसआय (सहायक उपनिरीक्षक) म्हणून रिटायर झाले. त्यांनी यावर कधी वाद घातला नाही. मी घालतो. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

२००७ मध्ये आबांनी व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, अर्ज लिहिला होता. आईच्या वाणसामानाच्या यादीमागे, कच्चा मसुदा. सेवा तेवीस वर्षं, मणक्यात गॅप, आणि गणपतीच्या बंदोबस्तात दहा दिवस घरी फक्त कपडे बदलायला आलेले. नियम तसा सोपा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ६६: वीस वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस द्यायची आणि स्वेच्छेने निवृत्त व्हायचं. चौकशी मागे लागलेली असेल तर अडतं, एरवी वाट मोकळी. मात्र अर्जात 'राजीनामा' हा शब्द चुकूनही येऊ द्यायचा नाही. राजीनामा म्हणजे नियम ४६, मागची सगळी सेवा बाद. आबांनी मसुद्यात एका जागी तोच शब्द लिहून खोडलाय, शाई अजून दिसते.

मग अर्ज दिला का नाही? आईने हिशेब मांडला. तेव्हा पूर्ण पेन्शनला तेहतीस वर्षं लागायची, त्यापेक्षा कमी सेवा म्हणजे त्या प्रमाणात कात्री. २००९ मध्ये ती अट गेली, वीस वर्षांवरही शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळायला लागली. आबा खूश. पण निम्मी म्हणजे कशाची निम्मी? शेवटच्या बेसिकची. समजा पंचेचाळिसाव्या वर्षी बेसिक चाळीस हजार आहे. तिथेच थांबलात तर पेन्शन वीस हजार. तेरा वर्षं आणखी रेटलीत, दरवर्षी तीन टक्क्यांची वेतनवाढ, तर बेसिक साडेअठ्ठावन्न हजारांच्या पुढे आणि पेन्शन एकोणतीस हजारांच्या वर. तीस वर्षांना मिळणारा आश्वासित प्रगतीचा लाभ (बढती नसली तरी मिळणारी वरची वेतनश्रेणी) तर यात धरलेलाच नाही. महागाई भत्ता दोन्हीकडे मिळतो, पण तोही त्याच आकड्यावर.

हे सगळं जुळवलं असतं तरी लाईन, म्हणजे पोलीस वसाहतीतली सरकारी खोली, सुटली असती. मुंबईत पोलीस कधी निवृत्त होणार हे पेन्शन नाही, क्वार्टर ठरवते, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरी सुटली की काही महिन्यांत खोली खाली करायची, नाहीतर दंडनीय भाडं आणि वर ग्रॅच्युइटीला चाप. मी तेव्हा अकरावीत, बहीण आठवीत. परळहून उठून जायचं कुठे? आबा राहिले. अठ्ठावन्नापर्यंत राहिले. मग चाळीस टक्के पेन्शन विकून (कागदावर याला अंशराशीकरण म्हणतात, ती पंधरा वर्षांनी पूर्ववत होते) बदलापूरला वन बीएचके घेतला. पूर्ण पेन्शन हातात पडेल तेव्हा आबा त्र्याहत्तरीत असतील.

मध्ये फक्त एकदा ते घरी बसले. एप्रिल २०२० मध्ये, कोविडने मुंबईत पोलीस जायला लागले तेव्हा पंचावन्नच्या वरच्यांना घरी थांबायला सांगितलं होतं. सलग रात्री घरी जेवणारे आबा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पहिले चार दिवस त्यांना वाढायचं आईच्या लक्षातच राहिलं नाही, तिचा हात सवयीने डब्याकडे जायचा.

माझा मुद्दा इथे आहे. आठ तासांची ड्युटी मुंबईत प्रयोग म्हणून सुरू झाली २०१६ ला, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, देवनार पोलीस ठाण्यात. म्हणजे तोवर आबांची बत्तीस वर्षं झाली होती. बारा तासांच्या हिशेबाने वीस वर्षं म्हणजे आठ तासवाल्याची तीस. कारकुनाची वीस आणि हवालदाराची वीस एकाच पट्टीने मोजता, मग लवकर जायचं म्हटलं की हवालदाराच्या पदरी काय? जास्तीच्या तासांचा काही भाग सेवेत धरा ना. मागणी विचित्र वाटेल, पण सेवापुस्तकात ड्युटीचे तास कुठे लिहिलेलेच नसतात, हे त्याहून विचित्र आहे.

वरच्यांचं गणित वेगळं. आयपीएस साठाव्या वर्षी निवृत्त होतो, आपला हवालदार अठ्ठावन्नाव्या. सत्यपाल सिंह २०१४ मध्ये मुंबईचं आयुक्तपद सोडून बाहेर पडले आणि त्याच वर्षी बागपतचे खासदार झाले. त्यांच्यावर माझा राग नाही. लवकर निवृत्ती एवढी फळते ती कुणाला, एवढंच बघतोय.

आता नव्या पिढीचं. माझा मावसभाऊ २००६ च्या भरतीतला. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहे. पगारातून दहा टक्के कापतात, सरकार चौदा टक्के भरतं, आणि शेवटी बाजार देईल ते. त्यातलेही किमान चाळीस टक्के ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या मासिक पेन्शनमध्ये, अडकवायचे. भरतीची जाहिरात त्या तारखेआधी निघालेल्यांना जानेवारी २०२४ च्या निर्णयाने जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. याची जाहिरात नंतरची.

मार्च २०२३ चा संप आठवतो? 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. सात दिवस राज्य ठप्प होतं. मावसभाऊ त्या घोषणांसमोर बंदोबस्ताला उभा, स्वतः एनपीएसवाला, हातात काठी. पोलिसांना संप नाही, युनियनही नाही. १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू झाले १५ ऑगस्टला आणि तीनच दिवसांनी, १८ ऑगस्टला, मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं. लष्कर बोलवावं लागलं, संघटनेची मान्यता गेली. तेव्हापासून पोलिसांच्या वतीने बोलतात ते त्यांचे घरचे. म्हणून ही पोस्ट.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची यूपीएस (युनिफाइड पेन्शन स्कीम) आली, राज्य मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी होकार दिला. पंचवीस वर्षांवर निम्म्या पेन्शनची हमी. वाचून बरं वाटलं. पण केंद्राच्या नियमात एक मेख आहे: स्वेच्छेने लवकर गेलात तर ही रक्कम सुरू होते नेहमीचं निवृत्तीचं वय गाठाल तेव्हाच. मधली वर्षं खायचं काय, ते तुमचं तुम्ही बघा.

गेल्या रविवारी मावसभाऊ बदलापूरला आला होता. गुडघा गेलाय, रात्रपाळी झेपत नाही. म्हणाला, "काका, तुमच्या त्या अर्जाचा मसुदा आहे का अजून?" आबांनी आईला फाईल काढायला लावली, चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला.

"कारणं तीच ठेव," म्हणाले. "शेवटच्या ओळीत पेन्शन मंजूर व्हावी असं लिहिलंय, ती तेवढी गाळ."