चार्टसाठी मॅक्रोची फाईल उघडू नका

"एक्सेलचा चार्ट एकदा काढला की गोठतो. नवा आकडा टाकला की जुना चार्ट पुसून नवा काढा, नाहीतर सोबतची मॅक्रो फाईल वापरा." असा एक कलमवार संदेश इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. मॅक्रो म्हणजे फाईलच्या आत बसवलेला प्रोग्राम. तो माझ्या वहिनींपर्यंत पोचला. त्या फराळाच्या ऑर्डरी घेतात, रोजची विक्री एक्सेलमध्ये लिहितात, आणि हा संदेश वाचल्यापासून रोज रात्री चार्ट पुसून नव्याने काढत बसल्या होत्या. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

चार्ट गोठत नाही. असलेला आकडा बदला, चार्ट लगेच बदलतो. मधे ओळ घाला, तीही तो घेतो. शेवटच्या ओळीखाली लिहिलेली नवी ओळ मात्र साध्या यादीवरचा चार्ट सहसा घेत नाही. संदेशात खरं आहे ते एवढंच. त्यावर उपाय असा: यादीत कुठेही क्लिक करा, कंट्रोल धरून टी दाबा, वर शीर्षकं असतील तर ती टिक ठेवा, ओके करा. यादीचं टेबल झालं. आता खाली लिहाल ती ओळ टेबलात येते आणि टेबलावर बेतलेल्या चार्टमध्येही दिसते. ही सोय 2007 च्या एक्सेलपासून आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर यासाठी दोन रस्ते दिलेत: टेबल, किंवा ऑफसेट आणि काउंटए (भरलेले खण मोजणारं) ही सूत्रं वापरून नाव दिलेली रेंज, म्हणजे खणांचा पट्टा. दोन्हींत मॅक्रो कुठेही नाही. दुसऱ्या रस्त्यात मधला एखादा खण रिकामा राहिला तर काउंटए कमी मोजतं आणि शेवटचा दिवस चार्टमधून गळतो, तेव्हा टेबलच करा.

"आधीच हजार ओळी निवडून ठेवा," हेही सांगितलंय. वहिनींच्या रकमेच्या कॉलमात नग गुणिले भाव असं सूत्र आहे. ते पुढच्या रिकाम्या ओळींत ओढून ठेवलं की तिथे शून्य येतं आणि चार्टची रेघ सरळ तळाला जाते. धंदा बसल्यासारखं चित्र दिसतं. टेबल हे सूत्र नव्या ओळीत स्वतःच भरतं.

आता ती फाईल. संदेश म्हणतो, "धोक्याची सूचना आली तर घाबरू नका, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक करा." हे वाचून मला संताप आला. मॅक्रो तुमच्या कॉम्प्युटरवर तुमच्याच अधिकाराने चालतो. तो फाइली वाचू शकतो, पुसू शकतो, इंटरनेटवरून आणखी काही उतरवू शकतो. 1999 साली मेलिसा हा व्हायरस वर्डच्या फाईलमधल्या मॅक्रोतूनच पसरला; आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या 50 पत्त्यांवर तो स्वतःला पाठवत असे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच अडवायला सुरुवात केली ती याच अनुभवातून. अनब्लॉक म्हणजे ते कुलूप आपल्या हाताने काढणं. वहिनींनी फोन करून विचारलं, "भावोजी, ही लाल पट्टी का येतेय?" विचारलं हे फार बरं झालं. त्यांच्या कॉम्प्युटरवर लोकमान्यनगरपासून सुदामानगरपर्यंतच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. लोकांनी ते विश्वासाने दिलेत.

संदेशात एफ नाइन, म्हणजे सूत्रं पुन्हा मोजायला लावणारी कळ, दाबायलाही सांगितलंय; तो सल्ला गणना मॅन्युअलवर ठेवली असेल तरच लागू पडतो. ती ऑटोमॅटिकवर ठेवा, विषय संपला. "हे फक्त गूगल शीट्समध्येच जमतं," हे संदेशातलं वाक्य तर सरळ खोटं आहे.

टेबल करूनही नवी ओळ आत येत नसेल तर दोन गोष्टी पाहा. शीटला प्रोटेक्शन लावलं असेल तर टेबल वाढत नाही, ते काढा. नसेल तर ऑटोकरेक्टच्या पर्यायांत नव्या ओळी टेबलात घेण्याची टिक गेलेली असते, ती परत लावा.