खिशात पुडी आहे म्हणून नोकरी नाही?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझ्या एका वर्गमित्राचं मशीन शॉप आहे. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "भावा, आता भरतीच्या फॉर्मवरच छापणार. विडी, सिगारेट, तंबाखू, मावा, कायबी घेणाऱ्यानं अर्ज करू नये. तुमच्या अमेरिकेत चालतंय की हे." आमच्या कॉलेजच्या बाकीच्या मित्रांनाही ते पटलं होतं. मी क्लीव्हलँडमध्ये राहतो आणि हा प्रयोग माझ्याच शहरात झालेला आहे. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. कारखान्याच्या गेटच्या आत तंबाखू पूर्ण बंद करायला माझा पाठिंबा आहे. पण तो तंबाखू खातो एवढ्यावरून माणसाला काम नाकारणं मला मान्य नाही.

मित्राची कारणं खोटी नाहीत. मशीन चालू ठेवून माणूस थुंकायला बाहेर जातो. जिन्याचे कोपरे, संडासाच्या भिंती लाल झाल्यात. त्याच्याकडचा एक चांगला टर्नर ऐन चाळिशीत तोंडाच्या कॅन्सरनं गेला. त्याची बायको पोरांना घेऊन ऑफिसात आली, तेव्हा मला तिच्याकडं बघवेना, असं तो सांगत होता. भारतातल्या पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच आहे. त्यामुळे त्याचा राग मला समजतो, आणि तो कामगारांच्या वाईटावर नाही हेही माहीत आहे.

आता इथलं सांगतो. क्लीव्हलँड क्लिनिक हे जगभर नाव असलेलं हॉस्पिटल आणि या भागात सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारी संस्था. सप्टेंबर 2007 पासून त्यांनी धूम्रपान करणाऱ्यांना कामावर घेणं बंद केलं. निवड झाली की वैद्यकीय तपासणीत लघवीचा नमुना द्यायचा, त्यात कोटिनिन शोधायचे. निकोटिन शरीरात मोडलं की कोटिनिन बनतं आणि ते पुढं काही दिवस लघवीत सापडत राहतं. सापडलं तर नोकरी हुकली. व्यसन सोडण्याच्या उपचाराची सोय करून द्यायचे, पण पुन्हा अर्ज करायला 90 दिवस थांबावं लागायचं. सर्जन असो नाहीतर फरशी पुसणारा, नियम एकच. जागतिक आरोग्य संघटनेनं तर त्याआधीच, 1 डिसेंबर 2005 पासून, तंबाखू घेणाऱ्यांची भरती थांबवली होती. तंबाखूविरुद्ध जगभर मोहीम चालवणाऱ्या संस्थेनं असं ठरवलं तर त्याला काही अर्थ आहे, हे मी मानतो. डॉक्टरनं रोग्याला सिगारेट सोडायला सांगायचं आणि स्वतः ओढायची, हे कुणालाच शोभत नाही.

पण हॉस्पिटलच्या बाहेर पडून बघा. क्लिनिकच्या इमारतींना लागूनच हफ आणि फेअरफॅक्स या वस्त्या आहेत. बहुतांश कृष्णवर्णीय, वर्षानुवर्षं गरिबीत पडलेल्या. तिथल्या माणसाला चालत जाता येईल अशी, आरोग्य विम्यासकट मिळणारी नोकरी म्हणजे क्लिनिकची. लॉन्ड्री, स्वयंपाकघर, रोग्यांच्या गाड्या ढकलणं. नियम फक्त नव्यानं येणाऱ्यांना लागला, आधी आत असलेल्यांना नाही. म्हणजे ज्याच्याकडं नोकरी होती तो ओढत राहिला तरी सुरक्षित, आणि ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्याच्या तोंडावर दार बंद. स्टॅनफर्डच्या संशोधकांचा 2016 सालचा एक अभ्यास मला विसरता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या बेकार लोकांचा त्यांनी वर्षभर माग ठेवला. धूम्रपान न करणाऱ्यांपैकी 56 टक्के लोकांना वर्षात काम लागलं, करणाऱ्यांपैकी फक्त 27 टक्क्यांना. आणि काम लागलं त्यांनाही तासाला सरासरी 5 डॉलर कमी मिळत होते. काम नाही म्हणून माणूस आणखी ओढतो, आणि ओढतो म्हणून काम नाही.

अमेरिकेतही हे सगळीकडं चालत नाही. निम्म्याहून जास्त राज्यांत कामाच्या वेळेबाहेर केलेल्या धूम्रपानावरून नोकरी नाकारायला कायद्यानं बंदी आहे. युहॉल या सामानाच्या गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं फेब्रुवारी 2020 पासून निकोटिन घेणाऱ्यांची भरती बंद केली, तीही जिथं कायदा आड येत नव्हता अशा 21 राज्यांतच.

आणि इथल्या मालकांना हा मोह का पडतो? कारण कामगाराच्या आरोग्य विम्याचा मोठा भाग मालक भरतो. कामगार आजारी, तर मालकाचा खर्च वाढला. तंबाखू घेणाऱ्याकडून विम्यासाठी 50 टक्क्यांपर्यंत जास्त घ्यायची मुभासुद्धा इथला कायदा देतो. शिरोलीत ही स्थिती कुठं आहे? महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारामागं मालक ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याला, पगाराच्या 3.25 टक्के भरतो, कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात. कामगार माळकरी असो की दिवसाला तीन पुड्या संपवणारा, मालकाचा आकडा तोच. कॅन्सर झाला तर उपचार आणि आजारपणातला भत्ता ईएसआयकडून. अमेरिकन मालकाचं जे खरं कारण, तेच कोल्हापुरात नाही. मग नियम तेवढा उचलून कशाला आणायचा?

इंजिनिअर झाल्यावर इकडं येण्याआधी मी शिरोलीतच एका फौंड्रीत होतो. तिथल्या एका जुन्या मोल्डरला आम्ही सगळे मामा म्हणायचो. रात्रपाळीला भट्टीतून धातू ओतायला निघण्याआधी मामा डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायचे, नखानं चुना लावायचे, अंगठ्यानं मळत मळत साच्यांवरून नजर फिरवायचे. दोनदा थापटून, धूळ उडवून बार दाढेखाली गेला की पुढचे दोन तास माणूस हलायचा नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, सोडा की हे." ते म्हणाले, "सायेब, दुपारच्याला एक भाकरी खाल्लीय, आता सकाळी घरी जाऊन खाणार. मधी ह्योच हाय." समोर वितळलेलं लोखंड, अंगावर वाळूची धूळ, पोटात काही नाही, आणि झोप आली तर पाय भाजणार. तंबाखूनं भूक मरते आणि डोळा लागत नाही. मामांना तंबाखू लागली ती फौंड्रीतच, पोरवयात, दुसऱ्या मोल्डरच्या हातून. ज्या कामानं हे व्यसन लावलं, त्याच कामाच्या दारात त्याला "तू व्यसनी आहेस, चालू लाग" म्हणायचं?

सिगारेट ओढणाऱ्यांबद्दल वाद घालताना आपण आणखी एक विसरतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले फक्त 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि चघळायची किंवा दाताला लावायची तंबाखू घेणारे 24.4 टक्के. आपल्याकडं खरा प्रश्न धुराचा नाही, गालातल्या बाराचा आहे. निपाणीची तंबाखूपेठ कोल्हापूरपासून 40 किलोमीटरवर. भावासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी 1981 साली महामार्ग अडवला आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 जण गेले. हे पीक आपल्या भागाच्या संसारात इतकं मुरलेलं आहे. पॅकिंगला बसणाऱ्या किती बायका सकाळी मिश्री लावून घराबाहेर पडतात! मित्राचा फॉर्म त्यांनाही परत पाठवणार. आणि लघवीची तपासणी आणली तर व्यसन सोडण्यासाठी निकोटिनचं च्युइंगम चघळणारासुद्धा तिच्यात सापडणार, कारण कोटिनिन तंबाखूतून आलं की च्युइंगममधून, हे तिला ओळखता येत नाही.

तपासणी नाही केली तर माणसं सरळ खोटं लिहितील. झारखंड सरकारनं 1 एप्रिल 2021 पासून कर्मचाऱ्यांकडून तंबाखू न घेण्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं. पण कागदावर सही केल्यानं निकोटिनची तलफ जात नाही. उलट ती लपवायची सवय लागते, आणि लपवणारा माणूस तोंडात कॅन्सरची आधीची खूण ठरू शकणारा पांढरा चट्टा दिसला तरी कुणाला दाखवत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. जात आणि व्यसन यांची तुलना मी करत नाही. जात जन्मानं चिकटते, व्यसन सुटू शकतं. पण दारातून परत पाठवलेल्या माणसाच्या मागं अख्खं घर परत जातं, हे या गावानं इतरांच्या आधी ओळखलं होतं.

मग करायचं काय, असं मित्र विचारणारच. इथं जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या 878 कामगारांवर एक प्रयोग झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना व्यसन सोडण्याच्या टप्प्याटप्प्याला मिळून 750 डॉलरपर्यंत बक्षीस, बाकीच्यांना फक्त माहिती. वर्षभरानं बक्षीसवाल्यांपैकी 14.7 टक्के सुटलेले होते, बाकीच्यांत 5 टक्के. आकडा लहान वाटेल, पण जवळजवळ तिप्पट आहे, आणि कुणाची नोकरी गेली नाही. टोकियोतल्या पियाला नावाच्या कंपनीनं 2017 मध्ये सिगारेट न ओढणाऱ्यांना वर्षाला 6 दिवस जादा पगारी रजा दिली, कारण बाकीचे सारखे ओढायला खाली जातात अशी त्यांची तक्रार होती. शिक्षा कुणालाच नाही, आणि न ओढणाऱ्याचा मान राहिला.

तेव्हा भावा, आवारातलं धूम्रपान 2 ऑक्टोबर 2008 पासून कायद्यानंच बंद आहे, 200 रुपये दंड आहे, तो वसूल कर. त्याच कडकपणे मावा आणि पुडी गेटवर ठेवून घे. थुंकणाऱ्याची हजेरी काप, मशीन सोडून जाणाऱ्याला मेमो दे. ही कामातली चूक आहे, तिची शिक्षा योग्यच. पण वर्षातून एकदा दातांच्या डॉक्टरला शॉपमध्ये बोलावून सगळ्यांची तोंडं तपासून घे. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्याच्या मदतीचा सरकारी नंबर टाइम ऑफिसबाहेर मोठ्या अक्षरात लाव. रात्रपाळीला मध्यरात्री पोटभर नाष्टा दे; मामांनी मला सांगितलेलं कारण तुझ्याकडंही लागू असणार. सहा महिने सोडून दाखवणाऱ्याला दिवाळीच्या बोनसवर वेगळी रक्कम दे. आणि हे सगळं ठेकेदाराच्या माणसांनाही लागू कर. तुझ्याकडं मालाची चढ-उतार आणि साफसफाई तीच माणसं करतात, आणि तुझा फॉर्म त्यांच्यापर्यंत कधी पोचतच नाही.