देणाऱ्याचं नाव झाका, हिशेब उघडा ठेवा

आज चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, होतात त्या सगळ्यांना विचारतो: घोषणा ऐकताना तुम्हाला काहीच खटकलं नाही?

छपराच्या दुरुस्तीसाठी पैसे देणाऱ्यांची यादी वाचली गेली. नाव, कुटुंब, आकडा. सगळ्यात मोठ्या आकड्यापासून सुरुवात करून खाली उतरत उतरत शेवटच्या नावापर्यंत. लोक अवघडून बसलेले, लहान मुलं रडायला लागलेली, आशीर्वाद व्हायचा बाकी. यादी संपली आणि 'वेळ झालाय' म्हणून उरलेले कागद तसेच राहिले. त्यात एका आजींची चिठ्ठी होती. सुनेचं मंगळवारी ऑपरेशन आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा, एवढीच दोन ओळींची. वहीचं फाडलेलं पान, चार घड्या घातलेलं. काल संध्याकाळी त्या स्वतः येऊन सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) देऊन गेल्या होत्या. मिस्सा सुटल्यावर त्या बाकावरच थोडा वेळ बसून राहिल्या. कोणाला काही म्हणाल्या नाहीत.

मला राग आलाय. फादरांचा नाही, यादी वाचणाऱ्या मुलाचा तर अजिबात नाही, त्याच्या हातात जे दिलं ते त्याने वाचलं. राग आपल्या सगळ्यांचा आलाय. आपण हे चालवून घेतो.

मुळात ती चिठ्ठी घोषणांच्या गठ्ठ्यात जायलाच नको होती. आजारी माणसाची जागा श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये आहे, प्रवचन आणि विश्वासांगीकार झाल्यावर, अर्पणविधीच्या आधी. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत त्या प्रार्थनांचा क्रमसुद्धा दिलाय: आधी ख्रिस्तसभेसाठी, मग राज्यकर्त्यांसाठी आणि जगाच्या तारणासाठी, मग संकटात असलेल्यांसाठी, शेवटी आपल्या स्थानिक समाजासाठी. आजींची सून तिसऱ्या प्रार्थनेत आपोआप बसते. पण आपण त्या प्रार्थना पुस्तकातून जशाच्या तशा वाचतो आणि गावातली माणसं मागे घोषणांमध्ये ढकलतो. आणि घोषणांबद्दल त्याच सूचना काय सांगतात? गरज असेल तर, आणि थोडक्यात. देणग्यांची यादी यातल्या कुठल्याच शब्दात बसत नाही.

हे सुधारायला पैसा लागत नाही. सॅक्रिस्टीच्या दाराशी एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन. वहीत चार रकाने: नाव, कोणासाठी, कधीपर्यंत, आणि घरच्यांना विचारलंय का. हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. शेजारणीने प्रेमापोटी नाव दिलं आणि घरच्यांना ते जाहीर व्हायला नको होतं, असं झालं की ते कुटुंब महिनाभर तोंड चुकवतं. आजाराचं नाव कधीच वाचायचं नाही, माणसाचं नाव पुरे. पहिल्या महिन्यांतली गोड बातमी तर कोणी सांगितली तरी वाचायची नाही. शनिवारच्या संध्याकाळी वही बंद करायची, एकाच माणसाने त्यावरून प्रार्थना लिहून काढायच्या आणि वाचणाऱ्याने त्या आधी एकदा मोठ्याने वाचून बघायच्या, म्हणजे आडनावं चुकत नाहीत. 'कधीपर्यंत' हा रकाना कशाला, तर जुन्या यादीवरून नावं उतरवत राहिलं की एखाद्या रविवारी वारलेल्या माणसाच्या प्रकृतीसाठी प्रार्थना होते आणि त्याची बायको तिथेच बसलेली असते. तारीख उलटली की नाव काढायचं, हवं असेल तर घरच्यांनी पुन्हा लिहायचं.

याच वहीवरून फादरांना कळतं कोणाकडे जायचंय. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (आजारी माणसाला तेल लावून प्रार्थना करायचा संस्कार) शेवटच्या श्वासाला द्यायचा असतो असं अजून कितीतरी घरांत समजतात आणि माणूस बेशुद्ध पडल्यावर धावत येतात. आजारपणामुळे किंवा म्हातारपणामुळे धोका सुरू झाला की तो घेता येतो. मोठ्या ऑपरेशनच्या आधीही घेता येतो. ती चिठ्ठी वेळेवर वाचली गेली असती तर आज दुपारीच कोणीतरी त्या घरी गेलं असतं. अजूनही जाता येईल, मंगळवार यायचाय.

आता पैशांकडे येतो, कारण हे दोन विषय वेगळे नाहीतच. इ. स. १५५ च्या सुमाराला संत जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे उपयाजकांच्या हातून पाठवलेला वाटा. लगेच पुढे, ज्यांची ऐपत आहे ते आपल्या मर्जीने देतात आणि जमलेलं सगळं उपासना चालवणाऱ्या अध्यक्षाकडे ठेवलं जातं, त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावहून आलेले यांची सोय होते. म्हणजे कोण आजारी आहे ही बातमी आणि पेटीत पडलेला पैसा एकाच वाटेने चालायचे. आज आपण पैशाची बातमी केली आणि आजाऱ्याची चिठ्ठी पेटीत टाकावी तशी टाकून दिली.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातली विधवा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. येशू दानपेटीसमोर बसून लोक पैसे टाकताना बघत होता. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं, तिने दोन नाणी टाकली. तिथे आजच्यासारखी यादी वाचली गेली असती तर तिचं नाव सगळ्यात शेवटी आलं असतं, आणि बहुधा तोवर वेळ संपला असता.

नावं वाचली की पैसे लवकर जमतात, हे मला मान्य आहे.

पण काय मोडतं तेही बघा. आपला समाज छोटा आहे. कोणाच्या घरी कमावणारे किती, कोणाचं कर्ज किती, सगळं सगळ्यांना ठाऊक. तिथे आकडे वाचले की ज्याचं नाव आलं नाही तो उघडा पडतो. तो पुढच्या खेपेला उसने घेऊन देतो, नाहीतर यायचं बंद करतो. ज्याला खरंच मदत लागणार आहे तो तर मागणारच नाही, कारण ज्या माईकवरून देणाऱ्यांची नावं गेली त्यावरून घेणाऱ्यांचीही जातील ही भीती त्याच्या मनात बसते. ती भीती खोटी नाही. मदतीचं पाकीट हातात देताना फोटो काढणारे आपल्यातच आहेत. म्हातारी बाई पदर सावरत कॅमेऱ्याकडे बघतेय आणि दोन्ही बाजूंना हसणारे चार जण. ते फोटो काढणाऱ्यांना स्पष्ट सांगतो, काढून टाका. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये हे मत्तयमध्ये आहे, आणि लहानपणापासून आपण ते ऐकलंय.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी गरिबांसाठी जे काम सुरू केलं, तेच पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी झालं. त्यांच्या बैठकीत आजही झोळी फिरते. प्रत्येकजण मूठ आत घालतो, मूठ बाहेर काढतो. कोणी किती टाकलं कळत नाही आणि कोणी काहीच टाकलं नाही हेही कळत नाही. गरीब माणूस सभासद झाला तर त्याचीही मूठ बाकीच्यांसारखीच आत जाते. मदतीला जाताना दोघे मिळून घरी जातात, बसतात, बोलतात, आणि कुटुंबाचं नाव बाहेर फुटत नाही. इतकी सोपी रीत हाताशी असताना आपण यादी का वाचतो?

हां, आईवडिलांच्या स्मरणार्थ एखाद्याने बाक दिलं आणि त्यावर त्यांचं नाव कोरलं, तर त्याला माझी हरकत नाही. ते मेलेल्यांसाठी आहे.

आणि आता ज्याबद्दल आपण गप्प बसतो ते. देणाऱ्यांची नावं उघड, पण पैशाचं काय झालं ते गुलदस्त्यात. छपरासाठी एकूण किती जमले, ठेकेदाराला किती गेले, किती उरले, आज कोणी सांगितलं? १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, हे स्वच्छ लिहिलंय. कॅनन (कलम) ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाला (पॅरिशला) अर्थसमिती हवीच. कॅनन १२८४ प्रमाणे जमाखर्चाच्या वह्या नीट हव्यात आणि वर्षाअखेर अहवाल हवा. १२८७ सांगतो की भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यायचा. आणि १२६७ चा तिसरा परिच्छेद तर भिंतीवर लावावा असा आहे: ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला वापरायचं. छपराचा पैसा स्पीकरला नाही, मिशन संडेला धर्मप्रसारासाठी जमलेला पैसा सणाच्या मंडपाला नाही, शुभ शुक्रवारी पवित्र भूमीसाठी जमलेला तर अख्खा पुढे पाठवायचा. 'नंतर भरून काढू' म्हणून वापरलेला पैसा भरून निघत नाही. कारण नंतरच्या वर्षी समितीच बदललेली असते.

कोणी चोरी करतंय असं मी म्हणत नाही. हे नीट वाचा, मग कमेंट करा. उलट संत पौल काय करतो बघा. यरुशलेमच्या गरिबांसाठी मोठी रक्कम न्यायची होती तेव्हा त्याने ती एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली. या उदारपणावरून कोणी आपल्यावर बोट ठेवू नये, आणि देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही सगळं चोख असावं, असं कारण त्याने स्वतः दिलंय. करिंथकरांना दुसरं पत्र, आठवा अध्याय. पौलाला साक्षीदार लागले, आपल्याला लागत नाहीत?

मोजणी कशी हवी ते लिहितो, म्हणजे नुसती कुरकुर केली असं व्हायला नको. मिस्सा संपल्याबरोबर, चर्चच्या आवारातच, बंद पण काचेच्या दाराच्या खोलीत. कमीत कमी तिघे, त्यातले कुठलेही दोघे एका घरातले नकोत. नवरा-बायको मिळून मोजणी करतात तिथे कितीही सज्जन जोडपं असलं तरी ती दोन माणसं धरायची नाहीत. फादरांनी एकट्याने कधीच मोजू नये, ते त्यांच्याच रक्षणासाठी आहे. आधी पाकिटं वेगळी काढायची, त्यातही विशेष कामाची निराळी. पाकिटावर लिहिलेला आकडा आणि आतली रक्कम जुळली नाही तर तिथल्या तिथे पाकिटावर लाल पेनाने लिहून दोघांनी सही करायची. मग सुटे पैसे, नोटेप्रमाणे गड्ड्या, छापील तक्त्यावर प्रत्येक नोटेची संख्या. एकाने मोजलं की दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, पहिल्याचा आकडा न बघता. तिघांच्या सह्या, तक्त्याच्या दोन प्रती, एक पैशांबरोबर आणि एक अर्थसमितीकडे. थैली सील करायची आणि बँक उघडेल त्या पहिल्या दिवशी जमा. कोणाच्याही घरी रात्रभर ठेवायची नाही.

नेहमी बिघडतं ते एका जागी. मोजणी चालू असताना कोणीतरी येतो, 'फुलवाल्याला द्यायचेत', आणि थैलीतूनच पैसे काढून दिले जातात. हेतू वाईट नसतो, पावतीही देतो म्हणतो. पण मग बँकेतला आकडा आणि दानाचा आकडा कायमचे वेगळे होतात आणि वर्षाअखेरीला कोणालाच काही सांगता येत नाही. आलेला पैसा आधी सगळाच्या सगळा बँकेत, खर्च नंतर, वेगळ्या व्हाउचरने. किरकोळ खर्चाला छोटी रक्कम निराळी ठेवा. मोजणाऱ्यांची टीम फिरती ठेवा, तीच माणसं वर्षानुवर्षं नकोत. आणि दर महिन्याला एक पान नोटीस बोर्डावर: किती आले, कशासाठी आले, कुठे गेले. नाव एकाचंही नाही.

एखाद्या खास हेतूने मिस्सा अर्पण व्हावी म्हणून दिलेल्या पैशाची वही तर वेगळीच हवी, कॅनन ९५८ मध्ये ती सांगितलीय. एका हेतूसाठी पैसे घेतले की त्या हेतूची मिस्सा द्यायची. एका धर्मगुरूने वर्षभरात पुऱ्या करता येतील त्याहून जास्त घ्यायच्या नाहीत. आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्या हेतूसाठीही, विशेषतः गरिबांसाठी, मिस्सा अर्पण करावी अशी कळकळीची शिफारस कॅनन ९४५ मध्येच आहे. हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना कोणी सांगत नाही. नवऱ्याच्या पुण्यतिथीला हातात पैसे नाहीत म्हणून मिस्सा न ठेवता मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या बायका आहेत आपल्याकडे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. फादरांवर किती कामं पडतात ते दिसतं. छपराचं काम, मुलांचं दृढीकरण, अंत्यविधी, आणि वर आमच्यासारख्यांची पत्रं. यादी वाचा असा आग्रहही बहुतेक वेळा त्यांचा नसतो, देणाऱ्यांचाच असतो. तेव्हा देणाऱ्यांनो, पुढच्या वेळी पाकीट देताना तुम्हीच सांगा, नाव वाचू नका. दोघा-तिघा मोठ्यांनी सांगितलं की बाकीच्यांची हिंमत होईल.

येत्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीसाठी मी लेखी अर्ज तयार करतोय. त्यात तीन मागण्या: देणग्यांची नावं आणि आकडे मिस्सेत वाचायचे नाहीत, आजाऱ्यांची नावं श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये घ्यायची, आणि महिन्याचा हिशेब बोर्डावर लावायचा. सही करायची असेल त्यांनी गुरुवारच्या आत इनबॉक्समध्ये कळवा. नुसती सही नको असेल तर मोजणीसाठी नाव द्या, महिन्यातला एक रविवार, मिस्सेनंतर तासभर. आणि आजींच्या सुनेसाठी आज रात्री घरोघरी रोझरीत एक गूढ (जपमाळेतला एक टप्पा) अर्पण करा. उद्या हॉस्पिटलमध्ये डबा पोचवायलाही कोणीतरी लागेल. गाडी असेल त्यांनी मला फोन करा, नाव कमेंटमध्ये लिहू नका.