अळमी तेलात बुडवून वर्षभर टिकत नाहीत

‘यंदाचं पुरुमेंत, शून्य केमिकल’ असा एक मेसेज पावसाच्या तोंडावर गोव्यातल्या घराघरांत फिरतोय. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्यासाठी करून ठेवायची साठवण. मला तो फोंड्याच्या मावशीकडून आला, आणि मेसेजपेक्षा तिनं खाली लिहिलेल्या ओळीनं मी जास्त हादरले: ‘ह्या वर्षी अळमी अशीच घालूया, चवथीला काढता येतील.’ (अळमी म्हणजे पावसात उगवणारी रानटी मशरूम, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी.) म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

मेसेज थोडक्यात असा. अळमी, किल्ल (बांबूचे कोंब), सोललेला लसूण, काहीही वाफवून बरणीत भरा. वर बोटभर राहील इतकं घाण्यावरचं खोबरेल ओता. झाकण घट्ट लावून बरणी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात उभी करा. व्हिनेगर म्हणजे केमिकल, ते नको. रक्तदाबासाठी मीठ निम्मं पुरे. फ्रीजची गरज नाही, वर्षभर टिकतं. बुरशी आलीच तर वरची काढून टाका, वास चांगला तर माल चांगला. आपल्या आज्या असंच करायच्या.

सगळ्यात घातक आहे ते तेलाचं. तेलानं हवा अडते, हे खरं. पण हवा अडली की सगळेच जंतू मरतात, हे साफ खोटं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूला हवा नकोच असते. त्याचे बीजाणू, म्हणजे बियांसारखं टिकाऊ रूप, मातीत असतात. मातीतून उपटलेल्या अळम्यांना, किल्लांना, लसणाला ते चिकटून येतात. ताज्या भाजीत ते नुसते पडून राहतात, काही करत नाहीत. पण ओल, ऊब, आंबटपणा नाही आणि हवाही नाही, अशी जागा मिळाली की ते रुजतात आणि विष तयार करतात. मेसेजमध्ये सांगितलेली बरणी म्हणजे नेमकी अशी जागा. जून-जुलैत आपल्या स्वयंपाकघरात ऊब आणि ओल किती असते ते वेगळं सांगायला नको.

हे कागदावरचं भय नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेली ३६ माणसं या विषानं आजारी पडली. कारण निघालं सोयाबीनच्या तेलातला बाटलीबंद चिरलेला लसूण. तो फ्रीजबाहेर ठेवलेला होता आणि त्यात आंबट काही नव्हतं. जेवून गेलेली माणसं वेगवेगळ्या गावांना, देशांना पांगली, त्यामुळे सुरुवातीला डॉक्टरांनाही रोग ओळखता आला नाही. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत लसूण-तेलामुळेच पुन्हा माणसं आजारी पडली, तेव्हा तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं असा माल आम्ल घातल्याशिवाय विकायचा नाही, असं बजावलं. कारखान्यात जे चालत नाही ते आपण फोंड्याच्या कपाटात वर्षभर ठेवायचं?

‘पण बरणी उकळली होती ना?’ हा मावशीचा पहिला प्रश्न. पाणी शंभर अंशांवर उकळतं. या जंतूचे बीजाणू त्यात जगतात. ते मारायला बरणीच्या आत, अगदी मध्यभागी, १२१ अंश उष्णता काही मिनिटं टिकावी लागते. डबाबंद अन्नाचे कारखाने हे दाबाखाली, मोजून करतात. घरच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून बरणीच्या पोटातली उष्णता कळत नाही, तेव्हा ‘मग कुकरला लावते’ हाही उपाय नव्हे. दहा मिनिटं उकळल्यानं इतर बरेच जंतू मरतात. म्हणजे या एकाच्या वाटेतले बाकीचे तेवढे दूर होतात. झालेलं विष मात्र उष्णतेनं मोडतं, ८५ अंशांवर पाच मिनिटांत. पण लोणचं कोण उकळून खातं?

आता आज्यांचं. इथं थोडं मान्य करते, कारण ते खरंच आहे. आजीचं कैरीचं लोणचं व्हिनेगरशिवाय, फ्रीजशिवाय, तेलाखाली वर्षभर राहायचं. खारातली तोरं (कोवळ्या कैऱ्या) तर नुसत्या मिठाच्या पाण्यात राहायची. पण ती टिकायची कैरीमुळे आणि मिठामुळे. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच. आकडा जितका लहान तितकं आंबट. ४.६ च्या खाली हा जंतू वाढत नाही. कच्ची कैरी तीनच्या आसपास असते, लिंबू त्याहून खाली. लसूण, किल्ल आणि अळमी पाच-सहाच्या घरात. कैरीवरचं तेल फक्त बुरशी रोखायला असतं. तीच कृती अळम्यांना लावली की राखणारं काहीच उरत नाही. माझ्या आजीनं अळमी तेलात कधीच भरली नाहीत. पावसात आली की खोबरं घालून तोंडाक (कालवण) करायची आणि त्याच दिवशी संपवायची.

मिठाचंही तेच. बरणीतल्या पाण्याच्या मानानं मीठ दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की हा जंतू थांबतो. ‘रक्तदाबासाठी निम्मं’ करून तो बांध आपणच फोडायचा का? रक्तदाब असेल तर लोणचं कमी खावं, लोणच्यातलं मीठ कमी करू नये.

व्हिनेगर केमिकल म्हणे. गोव्यात बसून हे लिहायला धीर लागतो. माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर इथं पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. सुंगटांचं बल्शांव (कोळंबीचं लोणचं) त्याच्याच जिवावर टिकतं. विकतच्या लोणच्यात बहुधा सोडियम बेंझोएट हे माल टिकवणारं रसायन असतं आणि घरी त्याची गरज नाही, एवढं मेसेजमधलं बरोबर. पण ते टाळायचं म्हणून आंबटच टाळायचं, हे कुठलं शहाणपण?

बुरशी वरची काढायची नाही, अख्खी बरणी फेकायची. बुरशी आंबटपणा खाते, म्हणून खालचा भाग पूर्वीइतका सुरक्षित राहत नाही.

आणि वासाचं. या विषाला वास नसतो, चव नसते. काही वेळा झाकण फुगतं, फेस येतो, पण दर वेळी नाही. वास घेऊन ठरवणं म्हणजे काहीच न ठरवणं.

अळमी टिकवायचीच असतील तर परतून फ्रीझरमध्ये ठेवा. किल्ल खारवायचं असेल तर मीठ सढळ घाला. लसणाचं लोणचं करायचं असेल तर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये नीट मुरवा, मग वर तेल. नुसतं लसूण-तेल केलं तर फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

ज्यांनी मेसेज वाचून बरण्या भरल्या आहेत, त्यांनी त्या चाखूनही बघू नयेत. आणि खाऊन झालं असेल तर हे लक्षात ठेवा: त्रास बहुतेकदा बारा ते छत्तीस तासांत दिसतो, कधी काही दिवसांनीही. एकाची दोन दिसणं, पापण्या जड होणं, तोंड कोरडं, गिळायला आणि बोलायला त्रास, मग अशक्तपणा मानेकडून खाली उतरत जाणं. ताप बहुधा नसतो, माणूस शुद्धीवर असतो, म्हणून घरचे ‘थकवा असेल’ म्हणत थांबतात. थांबू नका, श्वासाचे स्नायू थकायच्या आत बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पोचा. प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितका उपयोग. तेलातलं काय खाल्लं ते डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधी सांगा, आणि बरणी उरली असेल तर बरोबर न्या.