हत्ती बाद, गाय बाद

लहान मुलांची पुस्तकं मोठ्यांना आवडतील अशीच छापतात. साहजिक आहे, पैसे मोठी माणसं देतात. बाळ फक्त चावून बघतं. दीड वर्षाच्या भाचीला शब्द शिकवतील अशी पुस्तकं आणायची कामगिरी माझ्यावर आली, तेव्हा दुकानात हे लक्षात आलं. एका पुस्तकातला हत्ती जांभळा, वर चष्मा लावून सायकल चालवणारा. दुसरं उघडलं की किल्लाच उभा राहायचा. तिसऱ्याचं बटण दाबलं की गाय हंबरायची, मोटारीच्या हॉर्नसारखी.

तशात मी संशोधन वाचलेलं. खऱ्यासारखी चित्रं, त्यातही फोटो असले तर पुस्तकातला शब्द खऱ्या वस्तूला लावणं मुलांना सोपं जातं. उघडायचे कप्पे, ओढायच्या पट्ट्या असल्या की मुलं त्यांच्याशीच खेळत बसतात, शब्द राहतो बाजूला. समोर एका वेळी एकच मोठं चित्र हवं. नाहीतर आपण 'बदक' म्हणतो आणि बाळ शेजारच्या बादलीकडे बघतं. म्हणून हत्ती बाद, किल्ला बाद. गाय मात्र बहिणीच्या झोपेपायी बाद केली.

कोमेनियस नावाच्या शिक्षकाने 1658 साली मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात अक्षरं शिकवताना सुरुवातीलाच कावळा आहे, सोबत त्याचा आवाज. साधा कावळा, बिनचष्म्याचा.

शेवटी जाड पुठ्ठ्याचं, एका पानावर एकच फोटो असलेलं पुस्तक घेतलं. कुत्रा, गाय, कप, बूट. बहीण म्हणाली, "एवढंच? गोष्ट नाही?" भाचीने काही विचारलं नाही. तिने कुत्र्याला 'भू भू' म्हटलं, मग गायीलाही. या वयात चार पायांचं सगळं एकाच नावाखाली जातं, काळजीचं कारण नसतं.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं की नवे शब्द जास्त पक्के होतात, हेही संशोधनात आहे. वाचणाऱ्या मामाचं पुढे काय झालं, ते तिथे दिलेलं नाही. नुसतं वाचू नका, मुलांना प्रश्न विचारा, असाही सल्ला आहे. मी "हे काय?" विचारतो. एवढ्या मोठ्या माणसाला इतकंही येत नाही, अशा नजरेने ती माझ्याकडे बघते आणि दयेपोटी सांगते, "बूत."

काल मी मुद्दाम बुटाला 'भू भू' म्हटलं. तिने पुस्तक मिटलं. माझं बोट आत होतं.